सेवानोंदीतल्या चुका: 'स्पर्श', रेकॉर्ड ऑफिस आणि सैनिक बोर्ड, कोण किती कामाचे

माजी सैनिकाच्या कागदात चूक निघाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला सल्ला ठरलेला असतो: 'स्पर्शवर तक्रार टाका.' स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याचे पेन्शनचे ऑनलाइन पोर्टल. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. स्पर्शवर चूक दिसते, पण बहुतेक चुका तिथे जन्मलेल्या नसतात. जिथे जन्मली तिथे दुरुस्त झाल्याशिवाय ती पोर्टलवरून जात नाही. त्यामुळे या सेवेचे परीक्षण करायचे तर एकट्या पोर्टलचे करून भागत नाही. सेवानोंद सांभाळणारे रेकॉर्ड ऑफिस, पेन्शन मंजूर करणारे प्रयागराजचे पीसीडीए पेन्शन्स कार्यालय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय (सैनिक बोर्ड) आणि गावातले सीएससी, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामांचे, केंद्र अशा चार-पाच खिडक्या मिळून हे एक काम होते. कोणती खिडकी कशासाठी हे कळले की निम्मी पायपीट वाचते.

एका ओळीत मत हवे असेल तर: चूक शोधायला स्पर्श उत्तम, चूक मिटवायला रेकॉर्ड ऑफिसला पर्याय नाही, आणि कागद नीट लावून पाठवायला सैनिक बोर्डासारखी फुकट मदत दुसरी नाही.

चूक कुठून निघाली ते आधी पाहा

एका सैनिकाची माहिती चार ठिकाणी असते. पहिला आणि सगळ्यांचा बाप म्हणजे शीट रोल. भरतीपासून डिस्चार्जपर्यंतच्या बढत्या, बदल्या, लग्न, मुले, मेडल, शिक्षा, वैद्यकीय श्रेणी सगळे त्यात चढते. तो रेकॉर्ड ऑफिसकडे राहतो, जवानाच्या हाती येत नाही. त्यावरून डिस्चार्ज बुक भरले जाते, त्यावरूनच पेन्शनचे कागद तयार होऊन पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघतो, आणि पीपीओतली माहिती स्पर्शच्या प्रोफाइलमध्ये उतरते.

शीट रोलमध्ये घरगुती माहिती आपोआप चढत नाही. लग्न झाले, मूल झाले, नाव बदलले, तर त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे ती नोंद चढवण्याचा युनिटचा लेखी आदेश, निघावा लागतो. हवाई दलात हेच काम पीओआरने होते, नौदलात जेनफॉर्मने. नोकरीत असताना युनिटच्या क्लार्कने पार्ट टू टाकला नाही, किंवा टाकला आणि तो त्रुटी काढून परत आला, तर रेकॉर्डच्या लेखी ते लग्न झालेच नाही. माणूस सतरा वर्षे फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलेला असतो, कॅन्टीन कार्डावर बायकोचे नाव असते, पण शीट रोलमध्ये नसते. अशी प्रकरणे कमी नाहीत.

आता तपासणी. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि स्पर्शवरचे प्रोफाइल शेजारी ठेवा आणि तीनच प्रश्न विचारा. पीपीओ बरोबर आणि स्पर्श चूक? मग माहिती जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत आणताना घोळ झाला आहे. पीपीओची प्रत जोडून पोर्टलवरची तक्रार पुरते. डिस्चार्ज बुक बरोबर आणि पीपीओ चूक? मग दुरुस्ती पीपीओ, म्हणजे कॉरिजेंडम, लागतो. तो प्रयागराजहून निघतो, पण त्याचा दावा रेकॉर्ड ऑफिसने मांडायचा असतो. डिस्चार्ज बुकच चूक? मग आधी शीट रोल बघावा लागेल आणि बहुधा नवा पार्ट टू काढावा लागेल. तिसऱ्या प्रकारची चूक घेऊन पोर्टलवर तक्रार केली की 'रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा' एवढे उत्तर मिळते आणि तक्रार बंद होते. लोक चिडतात, पुन्हा तीच तक्रार टाकतात, पुन्हा तेच उत्तर येते. उत्तर रूक्ष आहे खरे, पण खोटे नाही: नोंदीत नसलेली गोष्ट पेन्शन कार्यालय स्वतःहून लिहू शकत नाही.

शीट रोल पाहायचा कसा? माहितीच्या अधिकारात मागायचा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. इथे एक गोष्ट नेहमी चुकते. 'माझ्या पत्नीचे नाव का लावले नाही?' असा प्रश्न विचारला तर उपयोगाचे उत्तर येत नाही, कारण हा कायदा कागद देतो, कारणे शोधून देत नाही. 'शीट रोल, किंड्रेड रोल, लग्नाच्या व मुलांच्या नोंदीचे पार्ट टू ऑर्डर आणि पेन्शनची एलपीसी-कम-डेटाशीट यांच्या साक्षांकित प्रती द्या' असे मागा. किंड्रेड रोल म्हणजे कुटुंबीयांची नोंद, आणि डेटाशीट म्हणजे ज्यावरून पेन्शन ठरली तो सेवेचा व शेवटच्या पगाराचा तक्ता. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख लिहा, ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. स्वतःचेच कागद असल्याने वैयक्तिक माहितीची आडकाठी येत नाही. विधवा पत्नीने अर्ज केला तर मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. मुदतीत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर 30 दिवसांत पहिले अपील.

पेन्शन नसलेल्या, म्हणजे थोडी वर्षे सेवा करून घरी आलेल्या सैनिकांनी जास्त घाई करावी. लष्कराच्या नियमांनुसार अशांचे सेवाकागद 25 वर्षांनंतर नष्ट केले जातात. मागे उरतो तो लाँग रोल. त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज अशी मोजकीच माहिती असते. तेवढ्यावर सेवेचा दाखला मिळू शकतो, पण वैद्यकीय बोर्डाचे कागद, शिक्षेचा तपशील, मेडलच्या नोंदी यांतले काही हाती लागत नाही.

रेकॉर्ड ऑफिस: काम करते, पण आपल्या भाषेत नाही, त्याच्या भाषेत विचारावे लागते

महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांची रेकॉर्ड ऑफिसे गाडीने एका रात्रीच्या टप्प्यात आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पात, बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या यांत्रिक-विद्युत दुरुस्ती दलाचे, सिकंदराबादला, डीएससीचे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, कण्णूरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पातला ब्युरो ऑफ सेलर्स, वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचे एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र रेजिमेंटच्या रेकॉर्डकडे नसतात, त्या दिल्लीत मुख्यालयाकडे असतात. दोनदा नोकरी केलेल्यांनी, म्हणजे इन्फंट्रीतून निवृत्त होऊन डीएससीत गेलेल्यांनी, हे ध्यानात ठेवावे की त्यांच्या दोन सेवांचे कागद दोन रेकॉर्ड ऑफिसांत आहेत. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणून दुसरीकडे होत नाही.

अर्जावर आर्मी नंबर चुकला तर बाकी सगळे बरोबर असून उपयोग शून्य. नंबरच्या शेवटी येणारे अक्षर लोक गाळतात. ते तपासणीचे अक्षर आहे, शोभेचे नाही. जेसीओ (नायब सुभेदार आणि वरचे हुद्दे) झालेल्यांचा नंबर बदललेला असतो, म्हणून जुना आणि नवा दोन्ही लिहावेत.

आता सगळ्यात जास्त येणारे प्रकरण: पत्नीचे नाव किंवा जन्मतारीख. महाराष्ट्रात ही चूक इतकी का होते याचे उत्तर आपल्या लग्नघरातच आहे. मुलीचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरी ठेवलेले नाव रेशनकार्डावर आणि आधारवर, आणि सुट्टीवरून परतलेल्या जवानाने क्लार्कला सांगितलेले तिसरेच हाकेचे नाव पार्ट टूमध्ये. कुठे 'बाई' आहे, कुठे नाही. कुठे नवऱ्याचे नाव मध्ये आहे, कुठे नुसते आडनाव. त्यात जन्मतारीख माहीत नसल्याने जुन्या किंड्रेड रोलमध्ये नुसते वय किंवा साल लिहिलेले असते, आणि संगणकाला मात्र दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात. मग एक जानेवारी किंवा एक जुलै अशी तारीख बसवली जाते.

याने काय बिघडते? सैनिक हयात आहे तोवर काहीच नाही, म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना पीपीओतले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही आणि बाई तिथेच अडकते. जन्मतारखेचा फटका आणखी उशिरा बसतो. वयाची 80 वर्षे झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. ही वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे आणि वय पूर्ण होते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मिळते. नोंदीत वय चार वर्षांनी कमी लागले असेल तर चार वर्षांची वाढ बुडते.

दुरुस्तीचा संच साधारण असा असतो. पती-पत्नीचा अर्ज, पतीचे प्रतिज्ञापत्र, पत्नीचे आधार, पॅन आणि असल्यास शाळा सोडल्याचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतली, जोडीचा फोटो, आणि सैनिक कल्याण कार्यालयाचे पाठवणीपत्र. रेकॉर्ड ऑफिसागणिक थोडा फरक पडतो. कुठे नोटरी चालते, कुठे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढचे प्रतिज्ञापत्र मागतात. स्टॅम्प पेपर घेण्याआधी त्या रेकॉर्ड ऑफिसचा छापील नमुना मागवून घ्या. सैनिक बोर्डात तो बहुधा असतो. शेजारच्या गावातल्या सुभेदारांचे प्रतिज्ञापत्र बघून आपले लिहिले आणि त्यांची रेजिमेंट वेगळी निघाली, की परत आलेच म्हणून समजा.

कागद परत येतात ते मोठ्या कारणांनी नाही. प्रतिज्ञापत्रात 'जुने नाव' म्हणून आधारवरचे किंवा बोलण्यातले नाव लिहिलेले असते; तिथे शीट रोलमध्ये जे आहे तेच, त्याच स्पेलिंगने, चुकीसकट लिहायला हवे. शीट रोलची प्रत आधी मागवा असे वर म्हटले ते यासाठीच. दुसरे, लोक जाहिरात आधी देतात आणि प्रतिज्ञापत्र नंतर करतात. जाहिरातीत प्रतिज्ञापत्राचा क्रमांक आणि तारीख यावी लागते, त्यामुळे क्रम उलटा चालत नाही. तिसरे, जाहिरातीचे नुसते कात्रण पाठवतात. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसणारे पूर्ण पान पाठवावे. चौथे, नाव आणि जन्मतारीख दोन्ही चुकले असताना एका वेळी एकाचीच दुरुस्ती मागतात. मग पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा जाहिरात, पुन्हा खर्च. जे काही बदलायचे ते एकाच प्रतिज्ञापत्रात, एकाच जाहिरातीत घ्या.

आधार कार्डाबाबत एक इशारा. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. सीएससीवाल्याने 'आधीच आधार बदलून टाकू' म्हटले म्हणून घाई करू नका. कोणता कागद कोणाशी जुळवायचा हे आधी ठरवा. आमचे मत असे: सैनिकाचे स्वतःचे नाव असेल तर आधार सेवानोंदीशी जुळवावे, पत्नीचे असेल तर सेवानोंद आधारशी. कारण सैनिकाच्या नावाशी त्याचा नंबर, मेडल, शैक्षणिक दाखले आणि सगळी सेवा बांधलेली आहे, ते हलवणे अवघड. पत्नीची एकच नोंद बदलायची असते.

सैनिकाच्या स्वतःच्या नावातल्या चुकांना एक खास मराठी चव आहे. आडनाव आधी लिहायची आपली पद्धत भरतीच्या फॉर्मवर जशीच्या तशी उतरली आणि आडनाव हेच पहिले नाव होऊन बसले. वडिलांचे नाव मध्ये लिहायची सवय उत्तरेकडच्या क्लार्कला नसल्याने ते कधी गळाले, कधी फक्त अक्षर होऊन राहिले. ज्ञानेश्वरचे इंग्रजी स्पेलिंग 'डी-एन-वाय'ने सुरू व्हायचे ते 'जी-वाय'ने झाले. नुसत्या क्रमाचा किंवा एखाद्या अक्षराचा फरक असेल तर पूर्ण नामांतराच्या फंदात पडू नये. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र बँकेला आणि राज्य सरकारच्या बहुतेक कामांना चालते. नाव मुळातच वेगळे असेल तर मात्र महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नामबदल प्रसिद्ध करून ते राजपत्र जोडावे. त्याने रेकॉर्ड ऑफिसचे प्रश्न कमी होतात.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख ही निवृत्तीनंतर बदलून घेण्याची गोष्ट नाही. भरतीच्या वेळी दाखल्यावरून जी लागली ती राहते, आणि नोकरीच्या शेवटी किंवा नंतर आलेल्या अशा मागण्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नाकारल्या आहेत. 'वकील करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अपवाद एकच: शीट रोलमध्ये तारीख बरोबर आहे आणि पीपीओत किंवा पोर्टलवर टंकलेखनाने चुकली आहे. ती नोंदीची नाही, नकलेची चूक आहे, आणि ती सुटते.

दिवंगत पहिल्या पत्नीचे नाव काढून दुसरीचे लावायचे असेल तर पहिलीचा मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. पहिली हयात आहे आणि घटस्फोट कागदोपत्री झालेला नाही, तर कितीही प्रतिज्ञापत्रे करा, नाव लागणार नाही. कोर्टाचा हुकूमनामा हवा. मुलांपैकी कोणी अपंग असेल तर त्याची नोंद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आई-वडील हयात असतानाच रेकॉर्डला चढवा. त्या मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते आणि मागाहून ते सिद्ध करणे भावंडांना फार जड जाते. नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सर्वांत जवळचे नातेवाईक, म्हणून आईचे नाव आहे, मग पत्नीला पेन्शन मिळणार नाही का, असे बरेच जण विचारतात. दोन्हींचा संबंध नाही. कुटुंब निवृत्तिवेतन नियमाने ठरते, त्या रकान्याने नाही.

स्पर्श: दाखवण्यात चार तारे, मिटवण्यात दोन

पूर्वी पेन्शन प्रयागराजला मंजूर होई आणि बँक ती वाटे. बँकेने काय हिशेब केला हे पेन्शनरला पासबुकातल्या एका आकड्यावरून ओळखावे लागे. स्पर्शने मंजुरी आणि वाटप एका जागी आणले आणि आकड्यामागचा हिशेब उघडा केला. ही गोष्ट छोटी नाही. पीपीओची प्रत, महिन्याची स्लिप, मूळ पेन्शन, महागाई भत्ता, कपात झालेले कम्युटेशन (एकरकमी पैशाच्या बदल्यात विकलेला पेन्शनचा हिस्सा), सेवेची लांबी, ग्रुप, हुद्दा सगळे लॉगिन केल्यावर दिसते. त्यामुळेच आजवर लपलेल्या चुका एकदम वर आल्या. पोर्टलने चुका वाढवल्या अशी ओरड होते ती अर्धवट खरी आहे: माहिती आणताना काही नव्या घातल्या गेल्या, पण बऱ्याच वीस-तीस वर्षे तिथेच होत्या.

जुन्या पेन्शनरांसाठी यात पीडीव्ही, म्हणजे माहिती पडताळणी, हा टप्पा आहे. इथे बहुतेक जण नाव, मोबाइल आणि बँक खाते पाहून 'बरोबर आहे' म्हणत पुढे जातात. सीएससीत रांग असेल तर केंद्रचालकच भराभर बटणे दाबतो. असे करू नका. पैसा ज्या रकान्यांत आहे ते वेगळे आहेत.

सेवेची लांबी पहिली. पेन्शनचे तक्ते अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या टप्प्यांनी चालतात. तीन महिने किंवा जास्त भरले की अर्धे वर्ष धरतात, नऊ महिने भरले की पूर्ण. समजा एकूण सेवा 17 वर्षे 3 महिने 5 दिवस आहे. हिशेबात ती साडेसतरा होते. त्यात 10 दिवस नॉन-क्वालिफाइंग दाखवले, म्हणजे रजेशिवाय गैरहजेरी वगैरे, तर 17 वर्षे 2 महिने 25 दिवस उरतात आणि टप्पा सतरावर घसरतो. दहा दिवसांची नोंद कायमचे अर्धे वर्ष खाते. त्या गैरहजेरीची पुढे रजा म्हणून नियमितता झाली असेल आणि तो पार्ट टू शीट रोलला चढला नसेल, तर हीच पकडण्याची चूक.

ग्रुप, म्हणजे ट्रेडनुसार लागणारा वेतनगट, दुसरा. एक्स, वाय आणि जुना झेड. वन रँक वन पेन्शनचे, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन देणाऱ्या योजनेचे, तक्ते हुद्दा, ग्रुप आणि सेवा या तिन्हींवर चालतात. ही योजना 1 जुलै 2014 पासून लागू आहे; नंतर 1 जुलै 2019 आणि 1 जुलै 2024 पासून फेरआखणी झाली. ग्रुप चुकीचा लागला तर प्रत्येक फेरआखणीत तीच चूक पुढे जाते. तपासायला सोपे आहे: पीसीडीए पेन्शन्सच्या संकेतस्थळावर परिपत्रकांसोबत तक्ते असतात, आपला हुद्दा-ग्रुप-सेवा शोधून आकडा स्लिपमधल्या मूळ पेन्शनशी ताडून पाहा. पहिला तक्ता 4 फेब्रुवारी 2016 च्या परिपत्रक 555 सोबत आला.

हुद्द्याच्या रकान्यात ऑनररी नायब सुभेदार झालेल्या हवालदारांनी डोळे उघडे ठेवावेत. हा मान निवृत्तीनंतर मिळतो, म्हणून डिस्चार्ज बुकात नसतो आणि जुन्या पीपीओतही नसतो. वेगळे पत्र निघालेले असते. ते पत्र हाती असेल आणि पोर्टल 'हवालदार' दाखवत असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून कॉरिजेंडमची मागणी करायची. याउलट एमएसीपीने, म्हणजे बढतीशिवाय ठरावीक वर्षांनी वेतन वाढवणाऱ्या योजनेने, वरची वेतनश्रेणी मिळालेला नाईक म्हणजे हवालदार नव्हे. हुद्दा बदला अशी तक्रार त्यासाठी करू नये. ती फेटाळली जाते आणि सोबतची खरी तक्रारही मागे पडते.

डिस्चार्जचे कारण हा रकाना कोणी वाचत नाही. मुदत पूर्ण करून आलेला आणि स्वतःच्या विनंतीवरून आलेला यांत पैशाचा फरक आहे. त्यापुढे स्वेच्छेने लवकर निवृत्त होणाऱ्यांना सरकारने 2015 च्या आदेशात वन रँक वन पेन्शनमधून वगळले. डिस्चार्ज बुकात लष्करी नियमाचा उपक्रमांक दिलेला असतो, तो पीपीओशी जुळतो का ते पाहा. कम्युटेशनची तारीखही पाहा: विकलेला हिस्सा 15 वर्षांनी परत सुरू होतो आणि चुकीची तारीख बसली असेल तर कपात पुढे चालूच राहते. ही मात्र पोर्टलवरच्या तक्रारीने सुटण्यासारखी गोष्ट आहे, कारण मूळ कागद पीसीडीएकडेच असतो.

मोबाइल, पत्ता, पॅन, बँक खाते यांचे बदल पोर्टलवरून होतात आणि त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला त्रास देऊ नये. मोबाइल नंबर मुलाचा देणाऱ्यांनी विचार करावा. ओटीपी त्याच नंबरवर जाणार आणि मुलगा परगावी असला की लॉगिन बंद.

तक्रार लिहिण्याची रीत साधी आहे. एका तक्रारीत एकच चूक. पहिल्या ओळीत 'आहे ते' आणि 'हवे ते', दुसऱ्या ओळीत आधार कोणता: पीपीओ क्रमांक, पार्ट टूचा क्रमांक आणि तारीख. भावना, सेवेचा इतिहास, 'देशासाठी लढलो' हे सगळे खरे असले तरी तिथे नको. वाचणाऱ्याला क्रमांक हवा असतो. जोडलेल्या प्रती वाचता येतील अशा स्कॅन करा. ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइलने काढलेला तिरका फोटो अपलोड होतो, पण वाचता येत नाही म्हणून तक्रार निकामी होते.

मिटवण्यात दोनच तारे देण्याचे कारण वाटेचे आहे. चूक कोणत्या प्रकारची म्हणजे कोणाकडे जायचे, हे पोर्टलने तक्रार घेतानाच सांगायला हवे. तेवढी एक पायरी असती तर निम्म्या तक्रारी मुळात आल्याच नसत्या.

बाकीच्या खिडक्या

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, लोकांच्या तोंडी सैनिक बोर्ड, हे राज्य सरकारचे कार्यालय आहे. पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाखाली चालते. सेवानोंद बदलण्याचा अधिकार त्याला नाही, आणि तसे ते सांगते तेव्हा रागावू नये. पण कागदांचा संच तपासणे, नमुने देणे, रेकॉर्ड ऑफिसला पत्रासह पाठवणे हे काम ते विनामूल्य करते आणि तिथून गेलेल्या कागदाला वजन असते. जाताना मूळ डिस्चार्ज बुक न्या. ते हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून, प्रतिज्ञापत्रासह रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज हाच पहिला टप्पा. इतर दुरुस्त्या त्यानंतर.

सीएससी हयातीच्या दाखल्यासाठी ठीक. जीवन प्रमाण काढताना वाटपाच्या रकान्यात स्पर्शशी जोडलेला पीसीडीए प्रयागराजचा पर्याय निवडला आहे ना, जुनी बँक नाही ना, हे स्क्रीनवर स्वतः वाचा. सेवानोंदीच्या दुरुस्तीसाठी तिथे पैसे घालवू नका. तिथून जे जाते ते तुम्ही घरूनही पाठवू शकता.

उत्तरच येत नसेल तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार, आणि पेन्शन अदालत जाहीर झाली की तिथे प्रकरण. अदालतीत तेच प्रकरण घ्यावे ज्यात कागद पूर्ण आहेत आणि फक्त हालचाल नाही. त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्याकडे लेखी निवेदन गेलेले असावे लागते. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही तरी दार उघडते. उशिरा गेल्यास पेन्शनचा हक्क बुडत नसला तरी थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. तरसेम सिंग प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरवले आणि न्यायाधिकरण ते पाळते. 'बघू, काय घाई आहे' याची किंमत ही अशी मोजावी लागते.

अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, टक्केवारी किती, हे वाद या परीक्षणात मुद्दाम घेतलेले नाहीत. ती कारकुनी चूक नसते, वैद्यकीय बोर्डाचे मत असते. त्याची अपिले वेगळी, मुदती वेगळ्या. त्याला 'नोंददुरुस्ती' म्हणून अर्ज केला की वर्ष वाया जाते.

शेवटी कॉरिजेंडम पीपीओ हाती आला की तो वाचा. जुन्या पीपीओचा क्रमांक बरोबर आहे का, दुरुस्ती मागितली तीच झाली का, ती करताना दुसरा रकाना बिघडला नाही ना, अंमलाची तारीख कोणती. महिन्याभराने स्लिपमध्ये बदल आणि थकबाकी दिसते का पाहा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आणि कॅन्टीन कार्ड आपोआप बदलत नाहीत. त्यांचे अर्ज वेगळे करावे लागतात, सोबत पार्ट टूची साक्षांकित प्रत जोडून. म्हणून रेकॉर्ड ऑफिसकडून ती एक मागताना तीन मागा.